१९४७ चं पायपर पीए-१२ घेतलंय, आधी काय बदलू? (अँकरेज, अलास्का)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. अलास्कात राहून लहान विमानं उडवणारे मराठी लोक किती असणार? पण जुन्या धाग्यांवरून दिसतंय की इथे दोघं-तिघं आहेत, म्हणून धीर करून विचारतेय.

मी मूळची नाशिकची. अकरा वर्षं झाली अँकरेजला, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी. चार वर्षांपूर्वी इथल्या मेरिल फील्ड विमानतळावर सेसना १७२ विमानावर लायसन्स काढलं. आजवर १६० तास झालेत, त्यातले २२ टेलव्हीलवर, म्हणजे शेपटीला चाक असलेल्या विमानावर. गेल्या महिन्यात एका मैत्रिणीबरोबर निम्म्या भागीदारीत १९४७ चं पायपर पीए-१२ सुपर क्रूझर घेतलं. पुढे एक सीट, मागे दोघांचा बाक, अंगावर कापड. मूळचं ओ-२३५ इंजिन काढून कुणीतरी १५० अश्वशक्तीचं ओ-३२० बसवलंय. बाकी जवळपास सगळं जसंच्या तसं. फ्लॅप (हळू उतरता यावं म्हणून पंखामागे खाली वळणाऱ्या पट्ट्या) नाहीत, टायर लहान, ब्रेक आहेत असं म्हणायचं. कागदावर रिकामं वजन १,०९६ पाउंड.

स्वप्न एकच, निक नदीतल्या गोट्यांच्या बेटांवर उतरायचं. त्यासाठी डोक्यात यादी तयार आहे: ३१ इंची टायर, फ्लॅप, पंखांवर व्हॉर्टेक्स जनरेटर (हवा वळवणारे छोटे दात), चाकांचे तीन इंचांनी लांब पाय, ८२ इंची बोरर प्रॉपेलर (लांब पात्यांचा पंखा), मागे मोठा सामानाचा कप्पा. दोघींचं मिळून यंदाचं बजेट १८ हजार डॉलर. सगळं एकदम होणार नाही, तर क्रम काय लावू?

दुसरा प्रश्न जरा अवघड आहे. हँगरच्या बाहेर खुर्च्या टाकून बसलेले जुने पायलट रोज दिसतात. काही विचारलं की दोन शब्दांत उत्तर देतात आणि कॉफी पितात. यांच्याकडून शिकायचं कसं?

अवांतर: आईला फोटो पाठवला. ती म्हणाली, "अगं, हे कापडाचं आहे? उसवलं तर?"

रिबिटवाला

अभिनंदन! मी टेक्सासात ए अँड पी, म्हणजे परवानाधारक विमान मेकॅनिक आहे. अलास्कात कधी काम केलेलं नाही, त्यामुळे नदीबिदीवर बोलत नाही. फक्त कागदांचं सांगतो.

पहिलं काम: ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या) नोंदणी कार्यालयातून तुमच्या विमानाची पूर्ण फाइल मागवा, अगदी थोडक्या पैशांत मिळते. त्यात आजवरचे सगळे ३३७ फॉर्म, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या आणि बदलांच्या नोंदी असतात. लॉगबुकं हरवतात, जळतात, उंदीर खातात. ही फाइल राहते. विमानावर एखादी गोष्ट दिसतेय पण फाइलमध्ये नाही, असं निघालं तर आधी तो गुंता सोडवा.

दुसरं: प्रत्येक मोठ्या बदलाला एसटीसी (ठरावीक बदलाची आधीच मिळालेली मंजुरी) लागतो, नाहीतर फील्ड अप्रूव्हल (त्या एका विमानापुरती मंजुरी). एसटीसी विकत मिळाला म्हणजे झालं असं लोकांना वाटतं. तसं नाही. एक एसटीसी दुसऱ्याशी जुळतो की नाही हे एसटीसी देणारा बघत नाही, ते बसवणाऱ्याने ठरवायचं असतं. टायर एकाचे, पाय दुसऱ्याचे, प्रॉप तिसऱ्याचा, आणि तिघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. लग्नघरात तीन आचारी बोलावल्यासारखं होतं.

तिसरं: पंखाला खालून आधार देणारे स्ट्रट. जुन्या पायपरचे आतून गंजतात, त्यावर एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे एफएएचा सक्तीचा सुरक्षा आदेश आहे. सीलबंद स्ट्रट नसतील तर दर दोन वर्षांनी तपासणी. तुमचे कोणते आहेत ते आजच बघा. सीलबंद नसतील तर १८ हजारांतला पहिला खर्च इथे.

मी_पामर

गोदाकाठताई, अभिनंदन. मी तुमच्यापासून ४० मैलांवर आहे. मूळ कागलचा, २००४ पासून पामर गावात. आयडी त्यावरूनच घेतलाय, शिवाय नम्रपणाही फुकटात पदरात पडतो. कोल्हापुरात डिझेल इंजिनं दुरुस्त करायचो, इथे येऊन विमानांची करायला लागलो. माझंही पीए-१२ आहे, १९४६ चं. त्यामुळे तुमची यादी वाचून हसू आलं. रागावू नका. माझी यादी अगदी हीच होती, फक्त मी ती अमलात आणली.

लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

माझे गुरू आता ८१ वर्षांचे आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मी त्यांना मनात 'आबा' म्हणतो, इथेही तेच लिहितो. १९३५ मध्ये सरकारने मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगनमधल्या २०३ कुटुंबांना इथल्या मॅटानुस्का खोऱ्यात आणून वसवलं, त्यातलं एक यांच्या आईवडिलांचं. चाळीसेक वर्षं त्यांनी शिकारी, टपाल, कुत्री, डिझेलची पिंपं आणि एकदा एक अख्खी शेगडी असं सगळं लहान विमानांतून वाहिलं. आता मेडिकल (पायलटला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र) सोडून दिलंय, पण मागच्या बाकावर बसतात आणि बोलत नाहीत. ते न बोलणं फार बोलकं असतं.

मी त्यांना पहिल्यांदा यादी दाखवली तेव्हा त्यांनी विचारलं, "या विमानावर किती तास झाले?" मी म्हणालो, "नऊ." त्यांनी कागदाची घडी घातली, माझ्याच खिशात परत ठेवली आणि म्हणाले, "शंभर झाले की दाखव." मला वाटलं, म्हातारा टाळतोय.

टाळत नव्हते. त्यांचं म्हणणं असं की विमान आहे तसं चालवून बघितल्याशिवाय ते कुठे कमी पडतं आणि तू कुठे कमी पडतोस, हे वेगळं करता येत नाही. माझी धावपट्टी लांब लागत होती ती फ्लॅप नव्हते म्हणून नव्हे, मी ताशी दहा मैल जास्त वेगाने येत होतो म्हणून. त्या दहा मैलांवर कितीही हजार डॉलर खर्च केले तरी ते कमी होत नाहीत.

आता वजनाचा हिशेब करू, कारण यूट्यूबवर तो कोणी दाखवत नाही. पीए-१२ चं कमाल वजन १,७५० पाउंड. त्यातून तुमचे १,०९६ वजा केले की उरतात ६५४. दोन्ही टाक्या भरल्या की ३८ गॅलन, गॅलनला ६ पाउंड, म्हणजे २२८ गेले. उरले ४२६. हिवाळी कपड्यांत तुम्ही १५० धरा, मैत्रीण १६०. उरले ११६. जगण्याच्या सामानाची पिशवी ४५. हातात राहिले ७१ पाउंड. आता तुमची यादी. टायर, पाय, फ्लॅप आणि कप्पा मिळून माझ्या अंदाजाने शंभर पाउंड. बेरीज उणे २९. म्हणजे विमान बेटावर उतरायला तयार आणि मैत्रीण पेट्रोलपंपापाशी उभी. कमाल वजन वाढवून देणारे एसटीसी मिळतात, पण कागदाने पंख लांब होत नाहीत.

आबा यावर बॉब रीव्हची गोष्ट सांगतात. व्हॅल्डीझचा हा पायलट उन्हाळ्यातसुद्धा स्की लावून उडायचा, कारण ओहोटीनंतर उघडा पडणारा चिखलच त्याची धावपट्टी. गाळावरून उठायचं आणि वर हिमनदीवर टेकायचं. १९३७ मध्ये त्याने ब्रॅडफर्ड वॉशबर्न आणि बॉब बेट्स या गिर्यारोहकांना युकॉनमधल्या वॉल्श हिमनदीवर सुमारे पावणेनऊ हजार फुटांवर फेअरचाइल्ड ५१ मधून उतरवलं. हवा उबदार निघाली, बर्फाचा रबडा झाला आणि विमान त्यात कित्येक दिवस रुतून बसलं. शेवटी काढता येईल ते सगळं सामान काढून टाकून, विमान हलकं करून तो निसटला. आबांच्या मते विमानात करता येण्यासारखा हा पहिला बदल. काढून टाका. मागच्या कप्प्यातली पेटी, दुसरी बॅटरी, जुन्या रेडिओच्या मेलेल्या वायरी. मी माझ्या विमानातून नुसत्या मेलेल्या वायरी आणि त्यांचे कंस काढले, ११ पाउंड भरले. एक पैसा खर्च नाही.

तरी क्रम विचारलात, तर माझा सांगतो. सगळ्यात आधी खांद्याचे पट्टे. १९४७ च्या विमानात फक्त कमरेचा पट्टा असायचा. नदीत होणारे अपघात बहुतेक हळू वेगाचे असतात. विमान नाकावर उभं राहतं किंवा पालथं होतं, आणि माणूस वाचतो की पॅनेलवर कपाळ फोडून घेतो हे त्या दोन पट्ट्यांवर ठरतं. मग ब्रेक. ते टाचेने दाबायचे जुने ब्रेक म्हणजे एसटीच्या लाल डब्याची घंटी. वाजवली याचं समाधान तेवढं मिळतं. डिस्क ब्रेक बसवा. मग पायांच्या मध्ये सेफ्टी केबल. पीए-१२ चे पाय रबरी शॉक कॉर्डवर तोललेले असतात. कॉर्ड किंवा तिचा सांधा तुटला की पाय फाकतो आणि पंख जमिनीला टेकतो. केबल त्याला धरून ठेवते. किंमत किरकोळ, वजन नगण्य.

टायर त्यानंतर. आणि एकदम ३१ इंची नको. टायर मोठा झाला की ब्रेकची ताकद तीच राहते, पण त्रिज्या वाढल्यामुळे जमिनीवर पोचणारा रेटा कमी होतो. हवेत ते दोन भोपळे ओढत न्यायचे, त्याने क्रूझचा, म्हणजे सरळ प्रवासातला वेग घटतो. वर नाक उंच होतं आणि टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, समोरचं काही दिसत नाही. याउलट हवा कमी भरलेला मऊ टायर गोट्यावरून असा जातो की जणू गोटा नव्हताच, हेही खरंच. माझ्याकडे आता २९ इंची आहेत आणि मी सुखी आहे. पण पहिली दोन वर्षं लहान टायरवर काढली, त्यामुळे मी जागा निवडायला शिकलो. मोठा टायर वाईट जागा माफ करतो. रोज माफी मिळायला लागली की माणूस बघेनासा होतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आबांसारख्यांकडून शिकायचं कसं?

प्रश्न विचारून नाही. काम करून. मी पहिला हिवाळा त्यांच्या हँगरमध्ये पंखावर कापड चढवण्यात घालवला. (आईंना सांगा, उसवत नाही.) कापड पॉलिएस्टरचं असतं. चिकटवायचं, मग इस्त्री फिरवून ताणायचं, आधी २५० फॅरनहाइट, मग ३००, शेवटी ३५०. त्याच्या वर गेलात तर ताण सुटतो आणि कापड ढिलं पडतं, म्हणून इस्त्रीला थर्मामीटर लावून तपासून घ्यायची. मग प्रत्येक बरगडीला टाके. पंख उभा करतात, एक माणूस या बाजूला, एक त्या बाजूला, मध्ये हातभर लांब दाभण. याने टोचायचं, त्याने पकडून परत टोचायचं, दर टाक्याला गाठ. आबांची बायको चाळीस वर्षं पलीकडे बसत होती. त्या वारल्यावर ती जागा रिकामी होती. मी बसलो आणि माझा हात बघून आबा म्हणाले, "हे कुठे शिकलास?" आमच्या घरी आजी गोधडी शिवायची, दुसऱ्या टोकाला मी. त्या दिवशी पहिल्यांदा ते सलग अर्धा तास बोलले.

आणि बोलले ते काय? वाळूचं. निक नदीच्या बेटावर लांबी कशी मोजायची: जमिनीवरचा वेग ताशी ६० मैल असेल तर विमान सेकंदाला ८८ फूट जातं. बेटाच्या एका टोकावरून सरळ उडत जायचं आणि मोजायचं. सात मोजले, म्हणजे सहाशे फूट. वारा असतो म्हणून उलट्या दिशेनेही मोजायचं आणि सरासरी काढायची. मग चाकं नुसती टेकवायची, उडायच्या वेगात, शक्ती न सोडता, पन्नास फूट, आणि वर. विमान पुढे खेचल्यासारखं झालं तर खाली मऊ गाळ आहे. वर फिरून आपल्याच चाकांच्या रेघा बघायच्या. रेघ काळी, ओली दिसली तर घरी जायचं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, फक्त शीत चाखायला ताशी ५० मैलांनी जावं लागतं.

आणि वेळ. वरच्या हिमनदीचा बर्फ दुपारच्या उन्हाने वितळतो आणि संध्याकाळी नदी चढते. सकाळी सातशे फूट असलेलं बेट डबा खाऊन होईपर्यंत पाचशेचं होऊ शकतं. हे मी कुठल्या कोर्समध्ये ऐकलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी हात धरून सांगितली. मूस. तुम्हाला खाली मूस, म्हणजे इथलं अवाढव्य हरीण, दिसणार, मैत्रीण म्हणणार "फोटो!", तुम्ही डावीकडे वळणार, खाली बघत वळण आवळत जाणार. इथे त्याला मूस स्टॉल असंच नाव आहे, इतकी माणसं त्यात गेलीत. स्टॉल म्हणजे पंखांची उचल तुटून विमान पडणं. ६० अंश कललेल्या वळणात स्टॉलचा वेग १.४ पट होतो. सरळ उडताना ४५ मैलांना पडणारं विमान तिथे ६३ लाच पडतं, आणि पाचशे फुटांवर सावरायला जागा नसते. आबांचा नियम: बघायचंय तर सरळ रेषेत वरून जा, बघ, पुढे निघून जा, हवं तर मोठा फेरा मारून परत ये. घिरट्या गिधाडांनी घालायच्या.

शेवटी माझी फजिती, कारण तुमच्याही विमानावर हे असू शकतं. माझं ओ-३२० घेतलं तेव्हा इंजिनाच्या ब्रीदर नळीला, तोंडापासून थोडं वर, एक लांबट खाच पाडलेली होती. मला वाटलं, आधीच्या मालकाचा जुगाड किंवा कशाला तरी घासून पडलेलं भोक. मी कोल्हापूरचा मेकॅनिक, भोक दिसलं की हात शिवशिवतात. छान टेप गुंडाळून बंद केलं. जानेवारीत उणे २४ फॅरनहाइटला, म्हणजे उणे ३१ सेल्सियसला, उडालो. इंजिनातून ब्रीदरवाटे दमट वाफ बाहेर पडते. नळीचं तोंड बाहेर थंड हवेत असतं, तिथे वाफेचा बर्फ होत जातो आणि नळीला बूच बसतं. आतला दाब जाणार कुठे? त्याने इंजिनाच्या पुढचा ऑइल सील ढकलून दिला. वीस मिनिटांनी काचेवर तपकिरी पापुद्रा चढायला लागला. खाली गोठलेलं तळं होतं, पायाला स्की होत्या, उतरलो. आठ क्वार्टांतलं तीन क्वार्ट तेल शिल्लक होतं.

ती खाच कुणीतरी अक्कलहुशारीने पाडली होती. तोंड गोठलं तरी वाफ वरून, कव्हरच्या आतल्या उबेत बाहेर पडावी म्हणून. आबांनी टेप सोलून काढली, माझ्या हातात दिली, आणि पुढे दोन दिवस काही बोलले नाहीत.

तेव्हापासून विमानावर काही विचित्र दिसलं की मी आधी विचारतो, मग पाना उचलतो.

जुना_पुष्पक

पामरराव, ताई, मी ७४ वर्षांचा, मुक्काम डोंबिवली. अलास्का नकाशातच पाहिलंय. पण कापडाच्या विमानाचं वाचलं आणि राहवेना.

१९७० च्या दशकात जुहूला फ्लाइंग क्लबात आम्ही पुष्पकवर शिकलो. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेलं, १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, अमेरिकन एरॉन्का चीफवर बेतलेलं. दोघं शेजारीशेजारी, शेपटीला चाक, ९० अश्वशक्तीचं काँटिनेंटल. म्हणजे ताई, तुमच्या विमानाचं चुलत भावंडच. पावसाळ्यात जुहूला आडवा वारा सुटला की टेलव्हील काय असतं ते पायांना कळायचं. आमचे इन्स्ट्रक्टर म्हणायचे, "विमान हँगरात बांधून होईपर्यंत उडवत राहा."

कापडाला डोप, म्हणजे ते ताणून घट्ट करणारं रोगण, लावायचे त्याचा वास अजून नाकात आहे. आमच्याकडे एक वयस्कर मेकॅनिक होते, पंखावरून टिचक्या मारत जायचे, तबल्यावर शाई तपासावी तसे. आवाज बदलला की थांबायचे. त्यांना 'का थांबलात' असं विचारलं की तेही उत्तर द्यायचे नाहीत. तेव्हा हे लोक सगळीकडे सारखेच दिसतात.

रिबिटवाला

@मी_पामर, ब्रीदरची खाच पटली, आमच्याकडे उष्ण प्रदेशात ती क्वचित बघायला मिळते. पण शंभर तास काहीच बदलू नका हे मला पूर्ण पटत नाही. व्हॉर्टेक्स जनरेटर वजनाला जवळपास शून्य आहेत आणि स्टॉलचा वेग काही मैल खाली आणतात. नवशिक्या पायलटला ते पहिल्या दिवसापासून का नकोत? गाडीला सीटबेल्ट लावायला आपण शंभर तास थांबत नाही.

मी_पामर

@रिबिटवाला, मुद्दा रास्त आहे. मीही पट्टे, ब्रेक आणि केबल लगेच करा म्हणालोच. जनरेटरबद्दल आबांशी माझंही भांडण झालं होतं. माझं म्हणणं तुमचंच होतं. ते म्हणाले, "तू ते चार मैल सुरक्षिततेसाठी ठेवणार की चार मैल अजून हळू यायला वापरणार?" मी खरं उत्तर दिलं, त्यामुळे वाद तिथेच संपला. पण ताई माझ्यापेक्षा शहाण्या दिसतात. त्या लावोत. फक्त हिवाळ्यात पंखावरून कव्हर ओढताना ते शंभरेक छोटे दात कापड फाडतात, तेव्हा त्यासाठी शिवलेलं कव्हर घ्या.

@जुना_पुष्पक काका, टिचकीचं आबांना सांगितलं. म्हणाले, "तो माणूस मला भेटायला हवा होता."

गोदाकाठ

बाप रे, दोन दिवसांत इतकं! सगळ्यांचे आभार. हँगरला जाऊन आले, अहवाल देते.

स्ट्रट सीलबंद आहेत, २००९ ची नोंद सापडली. ओक्लाहोमाची फाइल मागवली. खांद्याचे पट्टे मागच्या बाकाला आहेत, पुढे नाहीत! (आधीचा मालक स्वतःबद्दल फारच आशावादी असावा.) ब्रीदरला खाच आहे, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. मी तिला नमस्कार करून आले. मैत्रिणीने मेलेल्या वायरी काढायचं काम अंगावर घेतलंय. ३१ इंची टायर यंदा रद्द. पट्टे, ब्रेक, केबल आणि उरलेल्या पैशांतून एका टेलव्हील इन्स्ट्रक्टरबरोबर २० तास. आमच्या मातीच्या धावपट्टीवर सहाशे फुटांवर दोन झेंडे रोवलेत. काल बारा लँडिंगपैकी तीन झेंड्यांच्या आत झाली. तीनच.

जगण्याचं सामान मात्र पूर्ण आहे. प्रत्येकाचं आठवड्याचं अन्न, कुऱ्हाड, प्रथमोपचार, मासे पकडायचं साहित्य, सुरी, काड्या, डासांची जाळी, दोन सिग्नल. हिवाळ्यात स्नोशूज आणि स्लीपिंग बॅगही लागेल ना?

एक प्रश्न. सीटखाली एक जुनी लाकडी पट्टी सापडली, फूटभर लांब, चौकोनी. एका बाजूला चाकूने पाडलेल्या खाचा आणि वर 'डब्ल्यू' कोरलेलं. दुसऱ्या बाजूला वेगळ्या अंतरावर खाचा आणि वर 'एफ'. पेट्रोल मोजायची पट्टी असणार एवढं कळलं. 'एफ' म्हणजे फुल धरलं, पण मग 'डब्ल्यू' म्हणजे काय? आणि दोन बाजूंच्या खाचा जुळत का नाहीत? फेकणार होते, मग तुमची टेप आठवली.

मी_पामर

हो, हिवाळ्यात स्नोशूज आणि स्लीपिंग बॅग घ्याच. आणि काड्या, सुरी, सिग्नल विमानात नको, जाकिटाच्या खिशात. विमान बुडालं किंवा जळालं तर अंगावर असेल तेवढंच तुमचं.

पट्टी फेकू नका. 'डब्ल्यू' म्हणजे व्हील्स, 'एफ' म्हणजे फ्लोट्स. तुमचं विमान कधीतरी उन्हाळ्यात तळ्यांवर उतरत होतं. फाइल आली की फ्लोट्सचा ३३७ शोधा, बहुधा मिळेल. चाकांवर उभं असताना शेपूट खाली असते, त्यामुळे टाकीतलं पेट्रोल मागे सरकतं. फ्लोट्सवर विमान जवळपास सपाट तरंगतं. तेवढंच पेट्रोल, पण पट्टी बुडते वेगळी. म्हणून दोन बाजू. कुणीतरी गॅलन गॅलन ओतून, दर वेळी पट्टी बुडवून, खाच पाडून ती केलीय.

आणि टायर बदलले की नाक अजून वर जाणार, म्हणजे 'डब्ल्यू'ची बाजूही चुकणार. पट्टी चौकोनी आहे म्हणालात ना? तिसरी बाजू कोरी असेल. ती तुमची. टायर घ्याल त्या दिवशी टाक्या रिकाम्या करा, पाच गॅलनचा डबा आणि धारदार सुरी घेऊन या. मी आबांना घेऊन येतो. त्यांना बसायला एक खुर्ची लागेल, आणि बायकोने चिवडा केलाय तो आणतो, तो त्यांना फार आवडतो.